परीक्षेआधीचे २१ दिवस: बारावी सायन्सचा अभ्यास आणि चालढकल

प्रिलिम संपते, प्रॅक्टिकल उरकतं, क्लासची शेवटची बॅचही सुटते आणि घरात एकदम शांतता पसरते. लेखी पेपरला तीन आठवडे राहिलेले असतात. वर्षभर ज्या मोकळ्या वेळाची वाट पाहिली तो हाती येतो, आणि नेमकं तेव्हाच घोडं अडतं. सकाळी नऊला पुस्तक उघडतं, साडेनऊला टेबल आवरायला घेतलं जातं, दहाला एक व्हिडिओ लागतो, आणि दुपारी ताटावर बसल्यावर पोटात गोळा येतो.

हा लेख त्या तीन आठवड्यांसाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी सायन्सची, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाची घेतली आहेत. पीसीबीवाल्यांनी गणिताच्या १५ धड्यांच्या जागी जीवशास्त्राचे १५ धडे धरावेत; हिशोब तोच राहतो.

टाळतोय ते नेमकं काय?

रोटेशनल डायनॅमिक्सला हात न लावणारा मुलगा त्याच दुपारी अख्खं कपाट आवरतो. मेहनतीची तयारी असते, म्हणजे आळस हे कारण पुरत नाही. तो धडा उघडला की 'आपल्याला हे येत नाही' ही जाणीव समोर उभी राहते, आणि मन तिच्यापासून पळतं. कपाट आवरताना ती जाणीव होत नाही, लगेच बरं वाटतं. टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय या कॅनडात काम केलेल्या मानसशास्त्रज्ञांनी चालढकलीकडे असंच पाहिलं: वेळेचं गणित चुकण्यापेक्षा नकोशा भावनेतून तात्पुरती सुटका करून घेण्याची ती धडपड आहे.

यावरून दोन गोष्टी ठरतात. 'मन घट्ट कर' हा सल्ला फारसा उपयोगाचा नाही. सुरुवात इतकी छोटी करायची की ती नकोशी भावना जागीच होऊ नये. आणि चालढकल पूर्ण बंद करण्याचा पण करायचा नाही. तो पण तीन दिवस टिकतो, चौथ्या दिवशी मोडतो, आणि मोडला की अख्खा दिवस घेऊन जातो. चालढकलीला मोजून जागा दिली तर ती त्या जागेत राहते.

अकरावीत मराठी माध्यमातून इंग्रजीत आलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. विषय कळलेला असतो, पण इंग्रजी वाक्य लिहायची धास्ती असते, आणि ती धास्ती 'फिजिक्स अवघड आहे' असं रूप घेऊन येते. अशांनी उत्तर आधी मोठ्याने मराठीत सांगावं, मग त्याच्या इंग्रजीत तीनच ओळी लिहाव्यात: व्याख्या, सूत्र, एकक. बाकीची वाक्यं त्या तीन ओळींना हळूहळू चिकटत जातात.

पहिली संध्याकाळ: कोरा कागद

वेळापत्रक करायला घेऊ नका. रंगीत पेनांनी आखलेलं वेळापत्रक हीच सर्वात प्रतिष्ठित चालढकल आहे. त्याआधी काय येतं आणि काय येत नाही हे कळायला हवं.

फिजिक्सचे १६, केमिस्ट्रीचे १६ आणि गणिताचे दोन्ही भाग मिळून १५, असे एकूण ४७ धडे. प्रत्येक धड्याचं नाव एका ओळीवर लिहा. पुस्तक बंद ठेवून दर धड्याला दोन मिनिटं द्या आणि त्यातलं जे आठवेल ते कच्च्या कागदावर उतरवा: सूत्रं, आकृत्या, व्याख्या, काहीही. मग धड्यासमोर तीनपैकी एक शब्द टाका: 'येतं', 'अर्धं' किंवा 'कोरं'. सगळं मिळून दीड तासाचं काम आहे. दोन बैठकांत केलं तरी चालेल.

इथे बहुतेकांची एक चूक होते. पुस्तक चाळून 'हो, हे वाचलंय' असं वाटलं की 'येतं' लिहिलं जातं. ओळखीचं वाटणं आणि लिहिता येणं यांत मोठं अंतर आहे, आणि पेपरात दुसऱ्यालाच गुण असतात. आठवलं नाही तर 'कोरं' लिहा. मन थोडं खट्टू होईल, पण अंधारातल्या ढिगाऱ्यापेक्षा नावानिशी समोर असलेले आठ-दहा कोरे धडे कमी भीती घालतात.

तासांचा खरा हिशोब

'रोज १४ तास' हा आकडा विसरा. एकाग्र अभ्यास ४० मिनिटांच्या बैठकीत मोजू. सकाळी ७ ते ९.३० तीन बैठका, ११ ते २ तीन, संध्याकाळी ५ ते ७ दोन, रात्री जेवणाआधी एक. मधे दहा-दहा मिनिटं उठून फिरायचं. दिवसाच्या ९ बैठका, म्हणजे ६ तास. ज्यांना हे कमी वाटतं त्यांनी काल खरोखर किती मिनिटं पेन चाललं ते प्रामाणिकपणे मोजून पाहावं.

२१ दिवसांच्या १८९ बैठका होतात. त्यातल्या एक तृतीयांश, म्हणजे ६३, आधीच बाजूला ठेवा. पाहुणे, ताप, वीज जाणं, नुसतं न होणं, हे सगळं त्यात जाईल. हा राखीव भाग कापून तिथे धडे कोंबायचा मोह प्रत्येकाला होतो. १९९४ साली रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. आपल्या कामाबद्दलचा अंदाज असाच फसतो.

उरल्या १२६. घड्याळ लावून तीन पूर्ण पेपर सोडवायचे आहेत. लिहायला पाच आणि तपासायला एक अशा प्रत्येकी ६ धरल्या तर १८ गेल्या. इंग्रजी आणि उरलेल्या विषयांना १८. राहिल्या ९०, आणि धडे ४७. म्हणजे धड्याला सरासरी दोनच बैठका.

हा आकडा पाहून दचकू नका, त्याचा उपयोग करा. 'येतं' लिहिलेल्या धड्याला एकच बैठक द्या, 'अर्धं' असेल तर दोन. जो धडा आयुष्यात उघडलाच नाही तो पहिल्यापासून शिकायला सहा बैठका लागतात, म्हणून असे तीनच धडे निवडा. उरलेल्या कोऱ्या धड्यांतून फक्त व्याख्या, सूत्रं, एककं आणि बहुपर्यायी प्रश्न करा.

हे चालतं, कारण पेपरची रचनाच तशी आहे. सध्याच्या आराखड्यात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० गुणांचा असतो. त्यात १० गुणांचे बहुपर्यायी आणि ८ गुणांचे एका वाक्यातले प्रश्न सक्तीचे असतात. पुढे २ गुणांचे १२ पैकी ८, ३ गुणांचे १२ पैकी ८ आणि ४ गुणांचे ५ पैकी ३ सोडवायचे. छापलेले प्रश्न ९८ गुणांचे असतात, म्हणजे २८ गुणांचे सोडून देता येतात. पण सक्तीचे १८ गुण कुठल्याही धड्यातून येऊ शकतात. म्हणून अख्खा धडा सोडू नका. धड्यातली एखादी लांबलचक डेरिव्हेशन (सूत्राची सिद्धता) बिनदिक्कत सोडा. काय सोडायचं ते आज शांत डोक्याने ठरवलं तर तो निर्णय असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ते आपोआप सुटलं, तर नुसती हुरहुर राहते.

सुरुवात कशी करायची

'उद्या सकाळी फिजिक्स' ही योजना नाही. मन विचारतं, फिजिक्समधलं काय? उत्तर नसलं की हात मोबाइलकडे जातो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलं की 'अमुक घडलं की तमुक करायचं' असा जोड आधीच बांधून ठेवला तर काम सुरू होण्याची शक्यता वाढते. आपल्या घरातला जोड असा असू शकतो: चहाचा कप खाली ठेवला की वहीत तारीख टाकायची आणि उताराच्या वळणावरच्या गाडीची आकृती काढायची. बस, एवढंच.

हीच बैठक जवळून पाहू. बँक्ड रोडची, म्हणजे वळणावर आतल्या बाजूला कललेल्या रस्त्याची, डेरिव्हेशन अनेकांच्या अंगावर येते. पहिल्या पाच मिनिटांत फक्त आकृती काढायची: तिरका रस्ता, त्यावर गाडी, आणि तीन बाण. वजन सरळ खाली. नॉर्मल रस्त्याला काटकोनात. गाडी जास्तीत जास्त सुरक्षित वेगात असताना वरच्या बाजूला घसरू पाहते, म्हणून फ्रिक्शनचा बाण उताराच्या दिशेने खाली. पाच मिनिटं झाली. इथे थांबायची मुभा आहे, पण बाण काढून झाले की पुढची ओळ जवळजवळ हाक मारते: नॉर्मलचा उभा घटक बरोबर वजन अधिक फ्रिक्शनचा उभा घटक. आडव्या दिशेत नॉर्मल आणि फ्रिक्शन दोघांचे घटक मिळून सेंट्रिपीटल फोर्स देतात. फ्रिक्शनच्या जागी म्यू (घर्षणाचा गुणांक) गुणिले नॉर्मल ठेवायचं, दुसऱ्या समीकरणाला पहिल्याने भागायचं, नॉर्मल आणि वस्तुमान दोन्ही कटतात.

ही डेरिव्हेशन बहुतेक वेळा एकाच जागी बिघडते. फ्रिक्शनचा बाण उताराच्या वर काढला की चिन्हं उलटतात आणि कमाल वेगाऐवजी किमान वेगाचं सूत्र येतं. पाठ करणाऱ्याला हे कळत नाही, आकृती काढणाऱ्याला बाणातच सापडतं.

बैठकीची एकूण रचना अशी ठेवा: २० मिनिटं वाचून समजून घ्यायचं, पुस्तक मिटायचं, १५ मिनिटं कोऱ्या कागदावर लिहायचं, ५ मिनिटं लाल पेनाने पुस्तकाशी ताडून पाहायचं. पुस्तक मिटण्याचा भाग सगळ्यांना नकोसा वाटतो, आणि सर्वात जास्त फायदा त्यातच आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला न पाहता आठवायला लावला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला, पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. पेपर पाच मिनिटांनी नसतो.

बैठक संपवताना गणित अर्धं सोडा. पुढच्या न्यूमेरिकलची 'दिलेली माहिती' लिहून ठेवा आणि उठा. कोऱ्या पानापेक्षा अर्ध्या ओळीवर परत बसणं खूप सोपं जातं. रात्री झोपण्याआधी वही त्याच पानावर उघडी ठेवा, शेजारी पेन, लॉग टेबल आणि पाण्याची बाटली.

टाळायचंच असेल तर या यादीत टाळा

काही वेळा मुख्य काम काही केल्या होत नाही. त्यासाठी दुसरी यादी तयार ठेवा आणि टेबलासमोर चिकटवा. तिच्यात १५-२० मिनिटांत होणारी, डोक्याला फार ताण न देणारी, पण गुण देणारी कामं हवीत:

- सँडमेयर, विलियमसन, रायमर-टीमन, कॅनिझारो, हॉफमन यांसारख्या नावाच्या अभिक्रिया, प्रत्येकी एकदा लिहून
- लॉग टेबलवर दहा आकडेमोडी (पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि वेळ इथेच जातो)
- एका धड्याच्या सगळ्या व्याख्या आणि एककं
- जुन्या प्रश्नपत्रिकेतला बहुपर्यायी भाग
- पाच आकृत्या, नावांसह

नियम एकच आहे: बैठकीत मुख्य कामापासून पळायचं असेल तर पळा, पण याच यादीकडे, आणि बैठकीत एकदाच. अशा पळण्यातून आठवड्याभरात केमिस्ट्रीच्या सगळ्या अभिक्रिया होऊन जातात.

यादीबाहेरच्या कामांपैकी काही अभ्यासाचा वेश घेऊन येतात, ती ओळखायला शिका. चांगल्या नोट्स पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवणं, दुप्पट वेगाने लेक्चर बघणं, ग्रुपवरच्या 'आयएमपी' याद्या गोळा करणं. आणि सर्वात फसवं म्हणजे बोर्डाची डेरिव्हेशन नको म्हणून सीईटीचे प्रश्न सोडवत बसणं. सीईटीत सुमारे ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणून ते पटतंही. पण पर्याय निवडायची सवय चार गुणांचं उत्तर लिहायला शिकवत नाही. अशा कुठल्याही कामाला एक प्रश्न विचारा: याने उद्या कोऱ्या कागदावर एक तरी ओळ जास्त लिहिता येईल का?

चालढकलीचा कोटा

दुपारी अडीच ते पाच आणि रात्री जेवणानंतरचा पाऊण तास हा तुमचा. यात अभ्यास करायचा नाही, अपराधीही वाटून घ्यायचं नाही. विश्रांती घेताना मनात फिजिक्स टोचत राहिलं तर ना अभ्यास होतो ना विश्रांती, आणि या कात्रीतच सगळ्यात जास्त तास जातात.

कोट्यात शक्यतो अशी गोष्ट निवडा जिला स्वतःचा शेवट आहे: गल्लीतला दहा ओव्हरचा डाव, मालिकेचा एक भाग, आजीबरोबर बाजार. रील्सना शेवट नसतो, म्हणून तिथे पाऊण तासाचे दोन तास होतात. रील्सच हव्या असतील तर जेवायला बसण्याआधीच्या वीस मिनिटांत बघा. ताट वाढलं की उठावंच लागतं. बैठकीच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत, चार्जिंगला. शेजारी पालथा ठेवलेला फोन तुम्हाला दर काही मिनिटांनी 'बघू नको' असं स्वतःला सांगायला लावतो, आणि त्या सांगण्यातही दमणूक आहे. वेळ बघायला साधं घड्याळ ठेवा.

संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊचा कप दोन वाजेपर्यंत जागं ठेवतो आणि सकाळच्या तीन बैठका खातो.

दिवस फसला तर

फसणार आहेच. सकाळी नऊला जाग आली, तर गेलेल्या तीन बैठका भरून काढायला बसू नका. वेळापत्रक पुढे ढकलू नका, रात्री जागून वसूलही करू नका. अकराच्या बैठकीला, त्या बैठकीच्या ठरलेल्या कामावर बसा. बुडालेलं काम राखीव ६३ मध्ये जाईल. ती जागा त्यासाठीच ठेवली आहे.

'आजचा दिवस गेलाच, उद्यापासून नीट' हे वाक्य सर्वात महाग पडतं. २०१० साली मायकल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी चालढकल केली. स्वतःला दिलेल्या शिव्या त्या धड्याला आणखी कडू करतात, मग तो आणखी टाळला जातो.

आई-बाबांसाठीही एवढंच. 'अभ्यास झाला का?' या प्रश्नाचं उत्तर खोटंच येतं. 'आज कुठला धडा चालू आहे? पाच मिनिटं मला सांग बरं' असं म्हणून समोर बसा. विषय कळला नाही तरी चालेल, सांगणाऱ्याला कुठे अडतंय ते त्यालाच कळतं. आणि दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, सतत रडू येतं किंवा जगण्याबद्दलच नको ते विचार येतात, तर ती चालढकल राहिलेली नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तो फिरवायला कुठलंही कारण पुरेसं आहे.

शेवटचे दहा दिवस आणि मधल्या सुट्ट्या

सकाळच्या सत्रातला पेपर ११ वाजता सुरू होतो आणि तीन तासांच्या पेपरला शेवटी १० मिनिटं वाढवून मिळतात, म्हणजे २.१० पर्यंत. तीन सराव पेपर याच वेळेत, याच खुर्चीवर, न उठता लिहा. पहिला पेपर निम्माच होईल. तरी शेवटपर्यंत बसा. बहुपर्यायी प्रश्नांत पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायची सवय इथेच लावा. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाहीत, आणि पहिलाच प्रयत्न ग्राह्य धरला जातो. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करा.

आदल्या दिवशी नवीन काही नाही. लाल पेनाने ताडून पाहिलेले कागद चाळायचे, हॉलतिकीट आणि पेनं पिशवीत टाकायची, दहाला झोपायचं. केंद्रावर साडेदहाला पोहोचायचं आहे.

दोन पेपरांमधली सुट्टी ही चालढकलीची खरी जागा. अडीचला बाहेर आल्यावर फाटकाशी उत्तरं ताडत उभं राहिलं की संध्याकाळ जाते, आणि चुकलेलं एक उत्तर पुढच्या विषयाच्या मानगुटीवर बसतं. मित्रांना आधीच सांगून ठेवा: पेपरबद्दल शेवटचा पेपर झाल्यावर बोलू. घरी या, जेवा, पाऊण तास झोपा. झालेल्या विषयाची पुस्तकं नजरेआड ठेवा. साडेपाचला पुढच्या विषयाची वही उघडायची आणि दुसऱ्या यादीतलं सर्वात सोपं काम घ्यायचं: पाच आकृत्या, नावांसह.